झडपेतल्या जंतूचे नाव

हृदयाच्या चार कप्प्यांमधून रक्त एकाच दिशेने वाहत राहावे यासाठी मायट्रल, एओर्टिक, ट्रायकस्पिड आणि पल्मोनरी अशा चार झडपा अहोरात्र उघडमिट करत असतात, आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा होणारी ही उघडमिट ज्या पापुद्र्यांवर अवलंबून असते ते इतके पातळ असतात की त्यांच्या आत रक्तवाहिन्यांचे जाळे जवळजवळ नसतेच. निरोगी झडपेला त्याने काही बाधत नाही, कारण तिचा गुळगुळीत पृष्ठभाग जंतूंना चिकटू देत नाही. मात्र लहानपणीच्या संधिवाती तापाने जाड आणि खरबरीत झालेल्या, जन्मतः सदोष असलेल्या, वयोमानाने चुना साठलेल्या किंवा शस्त्रक्रियेने बसवलेल्या कृत्रिम झडपेवर रक्तातील प्लेटलेट आणि फायब्रिन यांचा बारीक थर धरतो. हिरड्यांतून, त्वचेवरील जखमेतून किंवा शिरेत घातलेल्या नळीतून रक्तात शिरलेला एखादा जंतू या थरात अडकला, की तो तिथेच वाढू लागतो. फायब्रिनच्या आवरणाखाली त्याला आसरा मिळतो आणि रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे पुरेशा संख्येने पोचत नाहीत. जंतू, प्लेटलेट आणि फायब्रिन यांच्या या लोंबत्या गोळ्याला वैद्यकात व्हेजिटेशन म्हणतात आणि त्याने होणाऱ्या रोगाला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग, असे नाव आहे.

पाश्चात्त्य देशांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण ३ ते १० जणांना हा रोग होतो, तेव्हा तो दुर्मीळ म्हणावा लागेल. परंतु उत्तम उपचार मिळूनही रुग्णालयातच दगावणाऱ्यांचे प्रमाण १५ ते ३० टक्के असते. त्याचे रूप फसवे असते. आठवडे न् आठवडे रेंगाळणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटत जाणारे वजन, सांधेदुखी आणि थकवा या तक्रारी टायफॉइड, मलेरिया किंवा क्षयाच्याही असू शकतात, आणि पुष्कळदा त्याच रोगांचे उपचार आधी होऊन जातात. दरम्यान जंतू झडप कुरतडत असतो. व्हेजिटेशनचा एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो, प्लीहेत किंवा मूत्रपिंडात गेला तर तिथला रक्तपुरवठा तुटतो. उपचार म्हणजे शिरेवाटे बहुधा चार ते सहा आठवडे प्रतिजैविके देणे; आणि जवळपास निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा झडपेची शस्त्रक्रियाही करावी लागते. कोणते प्रतिजैविक, किती मात्रेत आणि किती काळ, हे सर्वस्वी जंतू कोणता यावर ठरते, आणि म्हणून या रोगात निदान म्हणजे केवळ रोग ओळखणे नव्हे; जंतूचे नाव कळेपर्यंत निदान अर्धेच राहते.

या नावाचा शोध आधुनिक वैद्यकाइतकाच जुना आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत या रोगाचे पहिले सुसंगत चित्र मांडले, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल लिबमन यांनी रुग्णाच्या रक्तातून जंतू वाढवून दाखवण्याची पद्धत या रोगासाठी आग्रहाने वापरली. १९११ च्या फेब्रुवारीत विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर न्यूयॉर्कमध्ये तापाने आजारी पडले तेव्हा लिबमन यांनाच बोलावण्यात आले. माहलर यांच्या मायट्रल झडपेतील दोष १९०७ मध्येच ध्यानात आला होता. आता त्यांचे रक्त घेऊन जंतुवर्धक माध्यमात मिसळले गेले आणि काही दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या असंख्य वसाहती दिसू लागल्या. निदान निर्विवाद होते, पण त्यावर औषध नव्हते. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात माहलर यांचे निधन झाले. पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोचायला अजून तीन दशके लागायची होती. आज औषधांचे कपाट भरलेले आहे, आणि तरीही रुग्णांच्या एका मोठ्या गटात कोणते औषध उचलावे हे ठरत नाही, कारण रक्तातून जंतू वाढतच नाही.

रक्तसंवर्धन, म्हणजे बोलीभाषेतले ब्लड कल्चर, ही तपासणी तत्त्वतः साधी आहे. रुग्णाच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी सुई टोचून निदान तीन वेळा रक्त घ्यायचे, दर वेळी ते दोन बाटल्यांत विभागायचे आणि त्या बाटल्या यंत्रात सुमारे पाच दिवस उबवायच्या. बाटलीतील पोषक द्रवात जंतू वाढला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि यंत्र इशारा देते. रक्त पुरेसे घेणे इथे फार महत्त्वाचे असते, कारण एंडोकार्डायटिसमध्ये जंतू रक्तात सतत झिरपत असले तरी एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या बहुधा १ ते १०० इतकीच असते. तीन वेळा, दोन-दोन बाटल्यांत, प्रत्येकी १० मिलिलिटर असे ६० मिलिलिटर रक्त तपासले जाते तेव्हाच एवढे विरळ जंतू हाती लागण्याची खात्री वाढते. घाईने घेतलेल्या दोन-तीन मिलिलिटर रक्तावर ही तपासणी केली तर तिचे नकारात्मक उत्तर कशाचेच उत्तर नसते.

तरीही विविध देशांतील अहवाल एकत्र पाहता एंडोकार्डायटिसच्या २.५ ते ३१ टक्के रुग्णांत रक्तसंवर्धन नकारात्मक येते, आणि भारतातील अनेक मोठ्या रुग्णालयांच्या अहवालांत हे प्रमाण त्याहूनही बरेच वर गेलेले आढळते. याचे सर्वांत मोठे कारण जंतूच्या चातुर्यात नसून उपचाराच्या घाईत आहे: रक्त घेण्यापूर्वीच रुग्णाला प्रतिजैविक दिले गेलेले असते. तीन-चार दिवसांच्या गोळ्यांनी झडपेतला संसर्ग मुळीच बरा होत नाही, पण रक्तात झिरपणारे जंतू इतके दुबळे आणि विरळ होतात की बाटलीत ते वाढत नाहीत. ताप उतरल्यासारखा वाटतो, गोळ्या संपल्यावर परत येतो, आणि मग खरा तपास सुरू होतो तेव्हा पुरावा पुसला गेलेला असतो.

दुसरे कारण मात्र जंतूंच्या स्वभावात आहे. काही जंतूंना वाढीसाठी असे घटक लागतात जे नेहमीच्या माध्यमात पुरेसे नसतात. ॲबिओट्रोफिया आणि ग्रॅन्युलिकॅटेला या स्ट्रेप्टोकॉकसच्या नातलगांना, उदाहरणार्थ, ब जीवनसत्त्वाच्या कुळातील पायरिडॉक्सल हवे असते. काही जंतू तर जिवंत पेशीच्या आतच वाढतात आणि पोषक द्रवाच्या बाटलीत त्यांना वाढताच येत नाही. कॉक्सिएला बर्नेटाय हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात कत्तलखान्यांतील कामगारांना होणाऱ्या एका गूढ तापाचे वर्णन एडवर्ड डेरिक यांनी १९३७ मध्ये केले आणि त्याला क्यू फीवर असे नाव दिले. ऑस्ट्रेलियाचे मॅकफर्लेन बर्नेट आणि अमेरिकेचे हेरल्ड कॉक्स या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचा जंतू ओळखला, म्हणून त्याच्या नावात दोघांचीही नावे आली. गायी, शेळ्या आणि मेंढ्या विताना वारेतून आणि स्रावांतून हा जंतू बाहेर पडतो, धुळीत दीर्घकाळ टिकतो आणि श्वासावाटे माणसात शिरतो. बहुतेकांना काही दिवसांचा ताप येऊन जातो. पण ज्याची झडप आधीच खराब आहे त्याच्या हृदयात तो ठाण मांडून बसतो आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, झडप पोखरत राहतो.

बार्टोनेला या जंतूंची कथाही अशीच आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील लाखो सैनिकांना अंगावरच्या उवांमुळे जो ताप आला, त्याला कारणीभूत असलेली बार्टोनेला क्विंटाना ही जात युद्धानंतर जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ती १९९५ मध्ये फ्रान्समधील तीन बेघर पुरुषांच्या झडपांत सापडली. उवा आणि गरिबी यांचा संबंध तुटलेला नाही हेच त्यावरून दिसले. तिची बहीण बार्टोनेला हेन्सेले मांजरांमार्फत पसरते. याखेरीज ब्रुसेला हा जंतू आहे, जो आजारी गुरांच्या न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. धारोष्ण दूध पौष्टिक मानणाऱ्या आपल्या समाजात गोठ्यात काम करणारे, पशुवैद्य आणि दूध न उकळता पिणारी कुटुंबे यांच्याबाबत डॉक्टरांना त्याची आठवण ठेवावीच लागते. ब्रुसेला बाटलीत वाढतो, पण सावकाश.

कॉक्सिएला आणि बार्टोनेला यांच्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे मोजण्याची तपासणी फार उपयोगी पडते. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. रुग्णाचे रक्तजल टप्प्याटप्प्याने पातळ करत नेले आणि ८०० पट पातळ केल्यावरही ती ओळखता आली, तर तो दीर्घ संसर्गाचा बळकट पुरावा मानतात. मात्र त्यासाठी आधी कोणता जंतू शोधायचा आहे याचा अंदाज असावा लागतो, शिवाय जवळच्या जंतूंची प्रतिपिंडे एकमेकांसारखी वागून दिशाभूल करू शकतात. ज्याचा संशयच कोणाला आला नाही त्या जंतूचे नाव या मार्गाने कळत नाही.

हीच पोकळी रेणवीय पद्धतींनी भरून काढली. जंतू जिवंत करून वाढवण्याऐवजी त्याच्या डीएनएवर लिहिलेला मजकूर थेट वाचायचा, असा या पद्धतींचा गाभा आहे. त्याचा पाया अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी १९७० च्या दशकात घातला, तोही रोगनिदानाचा विचार मनात नसताना. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम नावाचे कारखाने असतात, आणि जिवाणूंच्या रायबोसोममध्ये १६एस या नावाने ओळखला जाणारा आरएनएचा एक घटक असतो. त्याचा आराखडा ज्या जनुकात असतो ते सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक प्रत्येक जिवाणूत आढळते, कारण त्यावाचून जगणे शक्य नाही. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत त्याचे काही भाग जवळजवळ जसेच्या तसे राहिले आणि मधले काही भाग जातीगणिक बदलत गेले. स्थिर भागांमुळे कोणत्याही जिवाणूचे हे जनुक पकडता येते आणि बदलत्या भागांमुळे तो कोणता हे सांगता येते. वूज यांनी याच्या आधारे सजीवांचा वंशवृक्ष नव्याने मांडला; वैद्यकाने त्याच वंशवृक्षाचा उपयोग अनोळखी जंतूची ओळख पटवण्यासाठी केला.

झडपेच्या कणभर ऊतकात या जनुकाच्या प्रती मोजक्याच असतात, तेव्हा त्या वाचण्यापूर्वी वाढवाव्या लागतात. करोनाच्या साथीत घराघरांत पोचलेले पीसीआर हे नाव याच प्रक्रियेचे आहे. कॅरी मुलिस यांना ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे करायचे, स्थिर भागांशी जुळणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, त्यांना चिकटू द्यायचे आणि पॉलिमरेज या विकराकडून त्यांच्या प्रती करून घ्यायच्या, हे चक्र एकदा फिरले की डीएनएचे प्रमाण दुप्पट होते. ३० चक्रांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. इतक्या उष्णतेत टिकणारे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडून मिळाले. तयार झालेल्या प्रतींतील अक्षरांचा क्रम यंत्राने वाचून तो ज्ञात जंतूंच्या संग्रहाशी ताडून पाहिला की नाव पुढे येते. बुरशीचा संशय असेल तर तिच्या रायबोसोमशी संबंधित निराळे जनुकभाग निवडले जातात, आणि संशय एखाद्याच जंतूवर असेल तर फक्त त्याच्याशी जुळणारे प्रायमर वापरून अधिक संवेदनशील तपासणी करता येते.

या पद्धतीचे बळ कुठे आहे हे नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रतिजैविकांनी मारलेला जंतू बाटलीत वाढत नाही, पण त्याचा डीएनए झडपेत शिल्लक असतो. पेशीबाहेर न वाढणारा जंतू कोणत्याही माध्यमात वाढला नाही तरी त्याचे १६एस जनुक इतर जिवाणूंसारखेच वाचता येते. म्हणजे रक्तसंवर्धन ज्या दोन कारणांनी फसते ती दोन्ही कारणे इथे अडसर ठरत नाहीत. झुरिचच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये झडपांच्या ऊतकावर थेट ही पद्धत वापरून दाखवली, आणि फ्रान्समधील मार्से येथील गटाने संवर्धन नकारात्मक असलेल्या एंडोकार्डायटिसच्या ८१९ नव्या प्रकरणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध करून प्रतिपिंडे, पीसीआर आणि ऊतकतपासणी यांची योजनाबद्ध सांगड घातली तर निम्म्याहून बऱ्याच अधिक रुग्णांत कारण सापडते हे सिद्ध केले. त्यांत कॉक्सिएला आणि बार्टोनेला आघाडीवर होते. इतर प्रदेशांत हा क्रम वेगळा असू शकतो, आणि तो प्रत्येक प्रदेशाने स्वतः शोधावा लागतो.

व्हिपलच्या रोगाचा इतिहास या शास्त्राच्या सामर्थ्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मानावे लागेल. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये आतड्याच्या एका विचित्र रोगाचे वर्णन केले आणि ऊतकात काडीसारखे जंतूही पाहिले, पण पुढची आठ दशके तो जंतू कोणालाही वाढवता आला नाही. १९९२ मध्ये डेव्हिड रेलमन आणि सहकाऱ्यांनी १६एस जनुक वाचून त्याचे कूळ निश्चित केले. ज्याला कोणी कधी वाढवले नव्हते त्या जंतूला आता वंशवृक्षावर जागा मिळाली होती. हाच जंतू, ट्रोफेरायमा व्हिपलाय, आतड्याचे कोणतेही लक्षण नसताना नुसत्या झडपेतही बसतो हे नंतर ध्यानात आले, आणि २००० मध्ये मार्सेत तो अखेर प्रयोगशाळेत वाढवला गेला तेव्हा त्याचा नमुना आला होता तो एंडोकार्डायटिसच्या एका रुग्णाच्या मायट्रल झडपेतून. त्या वाढीसाठी मानवी पेशींचा आधार घ्यावा लागला होता. २००३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर कोणती अमिनो आम्ले त्याला स्वतः बनवता येत नाहीत हे कळले, तेवढीच बाहेरून पुरवली आणि तो पेशींविनाही वाढू लागला. डीएनए वाचून जंतूला काय खाऊ घालावे हे ठरवण्याचा हा प्रसंग, संवर्धन आणि रेणवीय पद्धती यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

नाव कळल्याने रुग्णाला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. क्यू फीवरच्या एंडोकार्डायटिसवर पेनिसिलीनच्या कुळातील औषधे निरुपयोगी असतात. तिथे डॉक्सिसायक्लीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन औषधे मिळून निदान १८ महिने, आणि झडप कृत्रिम असेल तर २४ महिने, द्यावी लागतात. कॉक्सिएला पेशीतील ज्या आम्लधर्मी कप्प्यात राहतो तिथली आम्लता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कमी करते आणि त्यामुळे डॉक्सिसायक्लीन तिथे परिणामकारक ठरते. नाव न कळता सहा आठवड्यांची नेहमीची इंजेक्शने देऊन रुग्णाला घरी पाठवले, तर नवी बसवलेली झडपही काही काळाने त्याच जंतूच्या तावडीत सापडते. उलट, झडपेत कोणताच जंतू नाही, गाठी आहेत त्या ल्युपससारख्या स्वप्रतिकार रोगातल्या किंवा कर्करोगात रक्त गोठण्याने झालेल्या, असेही काही रुग्णांत निष्पन्न होते. ल्युपसमधील अशा झडपविकाराचे वर्णन १९२४ मध्ये ज्यांनी केले त्यांत पुन्हा लिबमनच होते. अशा रुग्णाला प्रतिजैविकांची नव्हे, वेगळ्याच उपचारांची गरज असते.

तथापि यंत्राने दिलेले नाव डोळे मिटून स्वीकारणे तितकेच धोक्याचे आहे. पीसीआर इतकी संवेदनशील असते की प्रयोगशाळेतील हवा, हातमोजे, पाणी, इतकेच काय, रसायनांतही असलेला परका डीएनए ती वाढवून दाखवू शकते. म्हणून प्रत्येक वेळी ऊतकाविना चालवलेला कोरा नमुना सोबत तपासावा लागतो. मेलेल्या जंतूचा डीएनए झडपेत दीर्घकाळ टिकत असल्याने सकारात्मक उत्तर म्हणजे संसर्ग अजून जिवंत आहे असे नव्हे, आणि पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन बऱ्या झालेल्या रुग्णाची झडप नंतर अन्य कारणाने काढली तर हा भेद कळीचा ठरतो. शिवाय काही जवळच्या जातींचे १६एस जनुक जवळजवळ सारखेच असते. न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस आणि तोंडात राहणारा त्याचा एरवी निरुपद्रवी चुलतभाऊ यांना केवळ या जनुकावरून वेगळे करणे अवघड जाते. सर्वांत मोठी उणीव अशी की जंतू कोणत्या औषधाला दाद देईल हे जिवंत जंतूवर प्रयोग केल्याशिवाय पूर्णपणे सांगता येत नाही. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे मेकए हे जनुक शोधता येते, पण असे थेट सूत्र प्रत्येक औषधासाठी उपलब्ध नाही.

आणखी एक मर्यादा नमुन्याची आहे. ही तपासणी झडपेच्या ऊतकावर जितकी चांगली चालते तितकी रक्तावर चालत नाही. संवर्धनासाठी ६० मिलिलिटर रक्त वापरले जाते, पीसीआरसाठी बहुधा त्याचा अगदी लहान अंश. त्यात जंतू एखाददुसरा, आणि भोवती रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्या डीएनएचा डोंगर. ज्याची शस्त्रक्रिया झालेली नाही त्याच्याबाबत म्हणूनच रक्तसंवर्धन आणि प्रतिपिंडे यांवरच मुख्य भिस्त राहते. या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आलेल्या मेटाजिनोमिक पद्धतीत एखादे ठरावीक जनुक न निवडता नमुन्यातील सगळाच डीएनए, लक्षावधी तुकड्यांत, वाचला जातो आणि संगणक त्यातून माणसाचे तुकडे बाजूला काढून उरलेले जंतूंच्या संग्रहाशी जुळवतो. रक्तद्रवात तरंगणारे जंतूंच्या डीएनएचे सुटे तुकडेही अशा रीतीने वाचता येतात, म्हणजे शस्त्रक्रियेविना झडपेतल्या जंतूचा सुगावा लागू शकतो. पद्धत अजून महाग आहे आणि तिच्या उत्तरांचा अर्थ लावायला अनुभवी माणसे लागतात.

एका विशिष्ट प्रसंगाने मात्र या संपूर्ण जनुकवाचनाचे मोल जगापुढे आणले. हृदयावरील खुल्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या रक्ताचे तापमान राखण्यासाठी पाण्याची टाकी असलेले एक यंत्र वापरतात. अशा शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, रुग्णांना ताप आणि झडपेचा संसर्ग होऊ लागला, आणि झुरिचच्या डॉक्टरांना त्यामागे मायकोबॅक्टेरियम किमेरा हा क्षयजंतूचा दूरचा नातलग आढळला. क्षयजंतूच्या कुळातले हे जंतू नेहमीच्या बाटल्यांत पाच दिवसांत हाती लागत नाहीत, आणि किमेराला त्याच्या जवळच्या जातींपासून वेगळे काढायलाही डीएनएचाच आधार लागतो. यंत्राच्या टाकीतील पाण्याचे सूक्ष्म तुषार पंख्याच्या झोताने शस्त्रक्रियागृहात पसरून उघड्या हृदयावर पडत होते. निरनिराळ्या देशांतील रुग्णांच्या आणि यंत्रांच्या जंतूंचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिल्यावर ते इतके एकसारखे निघाले की २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी यंत्र जिथे तयार होत होते तेच बहुतांश संसर्गाचे उगमस्थान असल्याचा निष्कर्ष काढला. एका रुग्णाच्या झडपेतील अक्षरे वाचण्यापासून सुरू झालेला तपास असा एका कारखान्यापर्यंत पोचला.

या सगळ्याची नोंद निदानाच्या अधिकृत निकषांतही झाली आहे. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडलेले आणि २००० मध्ये सुधारलेले ड्यूक निकष जगभर वापरले जातात. त्यांत रक्तसंवर्धन आणि इकोकार्डिओग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेले हृदयाचे चित्र, यांना मुख्य स्थान होते. २०२३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली तेव्हा झडपेच्या ऊतकातून पीसीआर किंवा जनुकवाचनाने ओळखलेला जंतू ग्राह्य पुरावा ठरला, आणि कॉक्सिएला, बार्टोनेला आणि ट्रोफेरायमा व्हिपलाय यांचा डीएनए रक्तात सापडणे हाही प्रमुख निकष मानला गेला.

भारताच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व वेगळेच आहे. श्रीमंत देशांत या रोगाचे रुग्ण बहुधा वृद्ध असतात. आपल्याकडे संधिवाती तापाने झडपा खराब झालेली तरुण माणसे अजूनही मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना हा रोग ऐन उमेदीत गाठतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलेली चित्रा झडप आवाक्यातल्या किमतीमुळे आजवर लाखाहून अधिक रुग्णांना मिळाली, आणि झडप कृत्रिम असणाऱ्या प्रत्येकाला एंडोकार्डायटिसचा धोका आयुष्यभर सोबत करतो. अशा माणसाला आठवडाभर ताप आला तर पहिली गोळी देण्यापूर्वी त्याचे रक्त संवर्धनासाठी घेतले जायला हवे, पण तालुक्याच्या गावी तो आधी औषधाच्या दुकानात जातो आणि तिथे बहुधा त्याला प्रतिजैविकच मिळते. चिठ्ठीविना अशी औषधे विकण्यास पूर्वीपासून बंदी आहे, आणि मार्च २०१४ पासून एच१ या परिशिष्टाखाली काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदही बंधनकारक झाली. दुकानाच्या काउंटरवर ती किती पाळली जाते यावर पुढच्या कित्येक निदानांचे भवितव्य ठरते. लाखो रुपयांचे जनुकवाचन यंत्र जे काम अडखळत करते, ते योग्य वेळी घेतलेल्या साठ मिलिलिटर रक्ताने पुष्कळदा सहज होऊन जाते.

रेणवीय तपासणीची सोय अजून मोजक्या शहरांतल्या मोजक्या प्रयोगशाळांत असली तरी नमुना तिथवर पाठवता येतो, आणि इथेच एक छोटी चूक वारंवार होते. शस्त्रक्रियागृहातून बाहेर आलेली झडप परंपरेने फॉर्मालिनच्या बाटलीत टाकली जाते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहायला ते आवश्यक असते. पण फॉर्मालिन डीएनएचे तुकडे पाडते आणि जंतूंनाही मारते, त्यामुळे त्या बाटलीतल्या ऊतकातून जनुक वाचणे अवघड आणि जंतू वाढवणे अशक्य होते. म्हणून शल्यविशारदाने झडप काढताच तिचे भाग करायचे असतात: एक फॉर्मालिनमध्ये विकृतिशास्त्र विभागाकडे, दुसरा संवर्धनासाठी थेट जंतुशास्त्र विभागाकडे, आणि तिसरा, नखाएवढा, फॉर्मालिनचा थेंबही न लागलेल्या निर्जंतुक डबीत, बर्फावर, पीसीआरसाठी.